पुढच्या माणसाचा बूट

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. आणि रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी.

मामा इलेक्ट्रिशियन. शिवाय गावच्या आग विझवणाऱ्या पथकातही होता. पगार नाही, काही नाही. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पळायचं. सोबत त्याचा जिवलग दोस्त, बेकरीवाला. सगळे त्याला 'भट्टी' म्हणायचे.

त्या रविवारी लाकडाची वखार पेटली.

"एक कामगार आत राहिलाय!" मुकादम ओरडत होता.

मामा आणि भट्टी मास्क चढवून आत शिरले. धूर इतका की स्वतःचा हात दिसेना. अशा वेळी जमिनीवर रांगायचं आणि पुढच्याचा बूट घट्ट धरायचा. काही झालं तरी सोडायचा नाही.

पुढे भट्टी. त्याचा बूट मामाच्या मुठीत.

बरंच आत गेल्यावर मामाच्या छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला...

"अरे, कुठायस तू?"

भट्टीचा आवाज!

"मी कधीच बाहेर आलोय. तू कुणाच्या मागे चाललायस?"

मामा जागच्या जागी थिजला.

मुठीतला बूटही थांबला. मग हळूच हलला... जणू विचारत होता, काय झालं?

"सोड त्याला!" वॉकीटॉकीवर भट्टी कळवळून ओरडला. "सोड आणि माघारी फिर!"

मामाने बूट सोडला.

आत ओढत आणलेला पाण्याचा पाइप चाचपत तो उलटा फिरला. मागे धुरात कुणीतरी बोललं. मास्कमुळे आवाज दबका...

"सोडू नको रे... मला काही दिसत नाहीये."

मामा थांबला नाही.

तो बाहेर पडला आणि मागे छप्पर कोसळलं.

पथकाच्या गाडीजवळ एकटा ड्रायव्हर उभा होता.

"भट्टी कुठाय?" त्यानेच मामाला विचारलं.

"म्हणजे? तो बाहेर आला ना? आत्ता वॉकीटॉकीवर बोलला की..."

ड्रायव्हरने केबिनकडे बोट दाखवलं. भट्टीचा वॉकीटॉकी सीटवर पडला होता. बॅटरी काढलेली.

ज्याच्यासाठी दोघं आत गेले, तो कामगार तेवढ्यात दात कोरत आला. घरी जेवायला गेला होता.

भट्टी ढिगाऱ्याखाली सापडला.

संध्याकाळी मामा आणि ड्रायव्हर त्याच्या घरी गेले. बायकोला सांगायचं होतं. ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. चेहऱ्यावर हसू.

"बसा ना भाऊजी. हे आत्ताच आलेत. अंगाला नुसता धुराचा वास! आंघोळ करतायत वर."

मामाने वर छताकडे पाहिलं.

वरून खरंच पाण्याचा आवाज येत होता...

"वहिनी, अहो, भट्टी..." ड्रायव्हर कसाबसा म्हणाला.

तिचं लक्षच नव्हतं. तिने जिन्यातून हाक मारली, "अहो, मित्र आलेत तुमचे!"

पाणी थांबलं.

"आलो, आलो!"

तिघांनीही ऐकलं.

वहिनीने आणखी दोन कप मांडले.

जिन्यावरून कुणीच उतरलं नाही. शेवटी ती वर गेली. न्हाणीघर कोरडं ठणठणीत होतं.

खाली आल्यावर मामाने तिला खरं ते सांगितलं. ती मानेचना.

"खोटं नका बोलू, भाऊजी. तुम्हीही ऐकलंत ना त्यांना?"



मी एकदाच विचारलं, "मामा, मग वॉकीटॉकीवर कोण बोललं?"



"आवाज त्याचाच होता रे... तेच तर."