दुर्बिणीची पेटी आणि फिरकी सर

"हळू रे भोपळ्या! पेटी आहे ती, गादी नाही!"

"मग तू धर ना पुढून! नुसतं बोलायला काय जातंय तुझं?"

"दोघंही गप्प बसा!" दाराशी पहारा करणाऱ्या पिटुकलीने दटावलं. "बाई जेवून येतील इतक्यात!"

सुट्टी लागली होती. शाळा रिकामी होती. आकाशदर्शनाच्या शिबिराला आलेली मुलं तेवढी पटांगणात डबे खात बसली होती. आणि इकडे भोपळा, वकील आणि पिटुकली हे तिघं मुख्याध्यापिका बाईंची लाडकी दुर्बीण, तिच्या लांबलचक लाकडी पेटीसकट, प्रयोगशाळेतून खेळाच्या खोलीत पळवत होते! या मोहिमेचे सेनापती होते खुद्द सर.

सगळी शाळा त्यांना फिरकी सर म्हणायची. एकदा त्यांनी स्वतःच्याच टेबलावर साबणाचे खडू ठेवले आणि "आज फळ्याला काय झालंय?" म्हणत तासभर वर्ग हसवला. एकदा आख्खा वर्ग बाकांखाली लपवून शिपाईकाकांना विचारलं, "काका, माझी मुलं पाहिलीत का हो?" सरांचा नियम मात्र पक्का होता. ज्याची फजिती केली, त्याला दिवस मावळायच्या आत सांगायचं आणि त्याच्यासोबत हसायचं. तो हसला नाही, तर ती गंमत नव्हेच.

म्हणून तर पिटुकलीचा सरांवर देवासारखा विश्वास! घरी जेवताना तिच्या तोंडी एकच, "आमचे सर ना..."

गाद्यांच्या मागे पेटी सरकवताना आतून खुळखुळ आवाज आला.

"सर, काहीतरी वाजलं!" पिटुकली म्हणाली.

"सुटी काच असते गं आत. उघडू नका हं, धूळ बसेल," सर घाईघाईने म्हणाले. "संध्याकाळी मी बाईंना सांगतो. बघा कशा हसतील!"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हसत नव्हत्या. कार्यालयाच्या दारात शिपाईकाका मान खाली घालून उभे होते, आत खिडकीशी सर होते आणि बाहेर हे तिघं.

"प्रयोगशाळेची चावी तुमच्याकडे आणि दुर्बीण गायब! काय समजायचं मी?" बाईंचा आवाज चढला होता.

"सरांनी नेली होती ना चावी काल," काका चाचरत म्हणाले. "सर, तुम्हीच सांगा. शिबिराचं सामान काढायला म्हणून..."

पिटुकलीने श्वास रोखला. आता सर टाळी वाजवणार! आता म्हणणार, "फसलात की नाही!"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मला नाही बुवा आठवत," ते म्हणाले.

काका सरांकडे बघतच राहिले. बाईंनी कडक आवाजात सांगितलं, "दुपारपर्यंत खोली रिकामी करा." शाळेमागच्या त्या एवढ्याशा खोलीत काका आणि काकू कित्येक वर्षं राहत होते. जायला त्यांना दुसरं घर नव्हतं.

तिघं धावत खेळाच्या खोलीत गेले. गाद्या ओढल्या. पेटी नव्हती!

"गंमत ताणतायत सर," भोपळा म्हणाला. पण त्याच्या हातातला लाडू तसाच राहिला होता.

"ताणायलाही हद्द असते!" वकील म्हणाला. त्याला हे नाव उगाच पडलं नव्हतं. "पेटी तिथे आहे हे कोणाला माहीत? आपण तिघं आणि सर. आपण नंतर हात लावला नाही. मग उरलं कोण?"

"आणि ती कालच खुळखुळत होती," पिटुकली हळूच म्हणाली. "मागच्या आठवड्यात मीच पुसायला उचलली होती. तेव्हा नव्हती वाजत."

सरांवर संशय घ्यायचा म्हणजे जीभ चावल्यासारखं होत होतं.

"युक्ती आहे," शेवटी तीच म्हणाली. "सरांकडूनच शिकलेली."

पाचच मिनिटांत भोपळा धापा टाकत सरांसमोर उभा राहिला. "सर, सर! पेटी सापडली म्हणे! बाई उघडतायत!"

"कुठे सापडली?" सरांचा चेहरा पांढराफटक!

"ते नाही विचारलं! मी आलो पळत तुम्हाला सांगायला!"

सर झपाझप निघाले. पण ते कार्यालयाकडे गेलेच नाहीत! ते वळले रंगमंचाखालच्या खोलीकडे. तिथे नाटकाच्या कपड्यांची मोठी ट्रंक होती. त्यांनी झाकण उचललं, झगे बाजूला केले आणि हुश्श केलं. पेटी जागच्या जागी होती.

"सर."

सर दचकले. दारात पिटुकली उभी होती, तिच्यामागे वकील.

"ही गंमतच आहे ना, सर?" तिने विचारलं. त्यांनी हो म्हणावं असं तिला अजूनही वाटत होतं.

सर ट्रंकेच्या काठावर बसले. "परवा घरी नेली होती गं. मित्रांना चंद्र दाखवायला. बाईंना न विचारता. हातातून पडली, काच फुटली."

"मग काकांना का अडकवलंत?"

"मी कुठे त्यांचं नाव घेतलं? मिळेल त्यांना दुसरं काम, मी बोलेन कोणाशी तरी." मग सरांचा आवाज बदलला. "आणि हे बघा, पेटी उचलली कोणी? तुम्ही. बोलाल तर तुमचंही नाव निघेल. तेव्हा गप्प राहिलेलं बरं."

पिटुकलीला आता सगळं उलगडलं. म्हणजे काल आपल्याला निवडलं ते लाडके म्हणून नव्हे! पेटीवर आपले हात लागावेत म्हणून!

ती वळली आणि तडक कार्यालयात शिरली.

"बाई, पेटी आम्ही लपवली होती," ती एका दमात म्हणाली. "आधी आम्हाला शिक्षा करा. पण काकांना घालवू नका. आणि माझ्याबरोबर खाली चला."

बाई खाली आल्या तेव्हा सर तिथेच बसून होते. त्यांनी काहीच नाकारलं नाही.

त्या दिवशी बाईंनी सगळ्या मुलांसमोर काकांना हात जोडले. "चौकशी न करता मी बोलले. चूक माझी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिघांना पुढे बोलावलं. "स्वतःचं नाव आधी सांगायला फार धीर लागतो. मला अभिमान वाटतो तुमचा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भोपळा लाजला, वकील ताठ उभा राहिला. पिटुकलीला मात्र हसू फुटेना. शाबासकीची सवय तिला सरांच्याच आवाजात होती.

दुपारी तिघं काकांच्या खोलीत गेले. काकूंनी बांधलेली बोचकी सोडायची होती, भांडी पुन्हा मांडायची होती. तेवढ्यात दारात सर येऊन उभे राहिले. काकांनीच शेवटी सवयीने सतरंजी पुढे सरकवली. "बसा, सर."

सर बसले नाहीत. "चुकलो, काका," एवढंच म्हणाले. मग पिटुकलीकडे वळून त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "काय गं, कट्टी घेतलीस ना माझ्याशी?"

पिटुकलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही.

"नाही, सर. कट्टी मैत्रिणीशी घेतात. तिची पुढे बट्टी होते."

आणि तिने काकूंच्या हातातलं पातेलं घेऊन फळीवर ठेवलं.