सोड आणि धर

दिवे गेले होते. गच्चीवर पुतण्या-भाचरं काकांभोवती दाटीनं बसली.

"काका, प्रस्तावना नको हं," थोरली पुतणी म्हणाली. "भूत लवकर आणा."

"भूत काय रिक्षा आहे, हात केला की थांबायला? गप ऐक. कालव्यावरचा दगडी पूल दुरुस्त करणारा मिस्त्री माझ्या ओळखीचा. त्याच्या धाकट्या भावावर गुदरलेली गोष्ट आहे."

गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारची रात्र. दुरुस्तीसाठी कालवा कोरडा ठेवला होता. पहाटे पाणी सुटणार होतं. त्याआधी कमानीखालचे लाकडी टेकू काढायला दोघे भाऊ निघाले. दगडांना खालून लावलेला चुना अजून ओला होता. पण पाणी कुणाच्या बापासाठी थांबतं?

धाकटा वैतागला होता तो वेगळ्याच गोष्टीवर. त्यांच्यात रीत अशी, की ज्यानं दगड बसवले त्यानंच टेकू काढताना कमानीखाली उभं राहून दगडांचा आवाज ऐकायचा. तो 'सोड' म्हणाला की बाहेरच्यानं पाचर ठोकून टेकू मोकळा करायचा. 'धर' म्हणाला की हात आवरायचा.

"दादा, हा शुद्ध अडाणीपणा आहे. बाहेरून ऐक ना."

"हा पूल पहिल्यांदा बांधणारा इथंच उभा होता."

"आणि इथंच मेला! तो 'धर' म्हणाला, बाहेरच्यांनी 'सोड' ऐकलं. त्याच्यावर पडलेलेच दगड त्याच्या भावांनी पुन्हा रचले. आणि तीच रीत मला शिकवतोस?"

"मग तू कान साफ ठेव," दादा हसला, आणि त्या बुटक्या कमानीखाली वाकून शिरला.

"सोड!"

एक टेकू आडवा झाला.

"सोड!"

दुसराही. आता शेवटचा.

"सोड!"

धाकट्यानं हातोडा उचलला.

"धर."

तो थबकला. "नक्की काय, दादा?"

"सोड म्हटलं ना! बहिरा झालास?"

हातोडा पुन्हा वर गेला.

"धर…"

हलकेच. दादाचा आवाज नव्हे. दादाच्या शेजारून.

"दादा… तुझ्याजवळ कोण आहे?"

त्यानं वाकून आत पाहिलं.

आत काळोख. कुणीतरी श्वास घेत होतं. जड. डोक्यावर ओझं असल्यासारखा.

वर दगड करकरला.

"दादा!"

…

धाकट्यानं हातोडा टाकला. अंधारात हात घातला. मनगट सापडलं. गार. कुणाचं, ते न बघता त्यानं ओढलं.

दादाच होता. तोंड उघडंच. त्याच्यामागे शेवटचा टेकू आपणच कोसळला. धाकट्यानं डोळे मिटून घेतले.

पूल पडला नाही.

पाणी यायच्या आधी धाकट्यानं काठावरून बॅटरी मारली. मधला दगड बोटभर खाली सरकून अडकला होता. त्याखाली काहीच नव्हतं. फक्त ओल्या चुन्यात एक खांदा खोल उमटला होता. खांदा, मान, आणि दगडाला टेकवलेला कान.

त्यानं दादाकडे बॅटरी वळवली. सदऱ्यावर चुन्याचा एक ठिपकाही नव्हता.