सरपंच एडक्याचा पंचनामा

"वाघानं नेलं" असा फोन या महिन्यातला तिसरा. पहिला वाघ कुत्रा निघाला. दुसऱ्यानं नेलेलं वासरू जावयाच्या गोठ्यात रवंथ करत सापडलं. त्यामुळे वनरक्षक पुनम पोंभुर्ण्याजवळच्या धनराजभाऊंच्या मेंढीफार्मवर पोचली ती कपाळावर आठ्या घेऊनच.

पाहुण्यांना राहायला खोल्या, मेंढ्यांना भाकरी चारायची हौस, आणि निघताना विकत न्यायला मोहाचे लाडू, लाखोळीची डाळ, धुतलेली लोकर, असा भाऊंचा कारभार. नाहीसा झाला होता मोठा एडका. नाव सरपंच.

कुंपणाच्या तारेला चार बोटं लांब लोकरीचा पुंजका. खाली रक्ताचे थेंब. ठसा एकही नाही.

"ओढून नेताना लोकर अडकली, मॅडम," भाऊंचा मुलगा विक्की म्हणाला. दहा दिवस नागपुरात काढून तो कालच सोळा पाहुणे घेऊन परतला होता.

"वाघ उडत आला काय?"

"वाघ नसन तं पत्रूनं इकला," धनराजभाऊ गुरगुरले. "आजच्या आज काढतो त्याले."

पत्रू मेंढपाळ मेंढ्यांच्या वाड्याशी उकिडवा बसला होता. पंधरा वर्षं हाच कळप, हेच घर. आत मेंढ्या नुकत्याच कातरलेल्या, भादरल्यासारख्या.

"पत्रूभाऊ, काल सांजेले कुठी होते?"

"नाल्यावर. कोकरू चिखलात फसलं होतं."

"कोणी पाह्यलं?"

"कोकरानं."

पुनमनं डोळे मिटून घेतले. "कातरणी कवा झाली?"

"आठ दिवस झाले. पहिले सरपंच, मंग बाकीची."

स्वयंपाकघरात सरपंचाबद्दल विचारल्यावर स्वयंपाकीण वच्छलाबाईंनी उत्तराऐवजी चहा दिला. "मले काय इचारता? मी चूल पाह्यतो. विक्कीनं मटण देल्लं, मी शिजवलं."

"आज बुधवार. अयूबभाऊ खाटीक तं शुक्रवारी मटण आणते ना?"

बाईंना एकाएकी भांडी आठवली.

ओसरीवर एक पाहुणा दात कोरत होता. "मॅडम, वाघ सापडला का? कालचं मटण त्यालाच चावलं असतं."

पुनमनं चहा तसाच ठेवला, सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि पोंभुर्ण्याच्या खाटकाला, अयूबला, फोन लावून स्पीकर चालू केला.

"हो मॅडम, काल सांजेले विक्कीनं बलावलं," अयूब म्हणाला. "पावणे आले, एक मेंढरू काप म्हणे. तो फोनवरच होता, वाड्यापाशी आलाच नाई. मी आत गेलो तं सगळी पळाली. एकच हात चाटाले आला. मले वाटलं, हाच द्याचा असन."

पाहुण्याच्या हातातली काडी गळून पडली.

"पावण्याईनं भाकरी चारचारून सरपंचाले माणसाची भीती ठेवली नव्हती," पुनम म्हणाली. "कोणता कापला ते विक्कीले मागून समजलं. मंग त्यानं तारेवर लोकर लावली, रक्त शिंपडलं. पण आठ दिवसांमागं कातरलेल्या एडक्याच्या अंगावर चार बोटं लोकर कुठून येईल? अन् हिले मेंढीचा वास नाई, तेलकटपणा नाई. ही तुमच्या दुकानातल्या पोत्यातली, धुतलेली. कातरताना भाऊ उभे होते, बाईनं जेवण वाढलं, पत्रूनं कात्री चालवली. हे तिघं अशी चूक कराचेच नाई. कातरणी झाली हे माहीत नव्हतं एकाच माणसाले."

विक्की खाली बघत म्हणाला, "बाबा, पावण्याईपुढं आपली इज्जत..."

"अन् पत्रूची?" पुनमनं विचारलं.

धनराजभाऊ पत्रूकडे वळले. म्हणाले, "पत्रू, मेंढ्या सोड."

"मले तं काढलं ना, भाऊ. सोडन विक्की."

विक्कीनं फाटक उघडलं. हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, भाकरी दाखवली. मेंढ्या कोपऱ्यात आणखी दाटीनं उभ्या राहिल्या. ऊन चढत चाललं.

"पत्रूभाऊ," धनराजभाऊ म्हणाले. पंधरा वर्षांत त्याला भाऊ म्हणण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

पत्रू गुडघ्यावर हात टेकून उठला. तो काही बोललाही नाही, आणि सगळा कळप त्याच्यामागून बाहेर पडला.