झोप न येणारं बी

चंद्रावरच्या वस्तीत बोर उगवली होती, भोकर उगवलं होतं. तोरण या रानफळाच्या कोंबाला तर दोन पानंही फुटली होती. फक्त करवंद काही केल्या उगवत नव्हतं.

जुईली शाळा सुटली की थेट हरितघरात (काचेच्या घुमटाखालच्या बागेत) यायची. घुमटातून निळी पृथ्वी दिसायची, अर्धी उजेडात, अर्धी सावलीत. तिचा मंद निळसर प्रकाश वाफ्यांवर पसरलेला असायचा. त्या प्रकाशात चालताना जुईलीला वाटायचं, आपण पाण्याखाली चालतोय. चंद्रावर वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्श्याइतकंच भरतं, त्यामुळे पाऊलही अलगद तरंगतच खाली यायचं. जुईली चंद्रावरच जन्मली होती. डोंगर तिने खिडकीतून पाहिले होते, पण करडे, धुळीचे. झुडपं असलेला डोंगर कसा दिसतो, हे तिला फक्त आजोबांच्या बोलण्यातून माहीत होतं.

तिचे आजोबा, डॉक्टर भास्कर गवाणकर, वनस्पतींचे अभ्यासक होते. कोकणातल्या डोंगरावरची रानफळं चंद्रावर वाढवायची, असं त्यांनी मनात घेतलं होतं. वस्तीच्या समितीने त्यांना घुमटाचा एक कोपरा दिला होता. मात्र करवंदाचा वाफा रिकामाच राहिला, तर तिथे पालक लावायचा, असंही समितीने बजावलं होतं.

"आजोबा, करवंद लागतं तरी कसं?" जुईली विचारायची.

"आंबट म्हणावं, तर गोड लागतं. गोड म्हणावं, तर आंबट. आणि ओठाला चीक चिकटतो तो वेगळाच. आमच्याकडे पाटीत करवंदं घेऊन बायका यायच्या, 'डोंगरची काळी मैना' अशी हाळी देत. ती हाळी ऐकली की आम्ही पोरं हातातलं काम टाकून पळायचो."

बागेची निगा राखायला एक यंत्रमानव होता. त्याचा एक हात खुरप्यासारखा होता म्हणून मुलांनी त्याचं नाव खुरप्या ठेवलं होतं. पाणी, ऊब, खत, उजेड, सगळं तो मोजूनमापून द्यायचा.

"जुईताई, करवंदाच्या वाफ्यात काहीही कमी नाही," तो म्हणायचा. "तरी उगवत नाही. मला कारण सापडत नाही."

"ते झोपलेलं असेल," जुईली म्हणायची आणि मातीजवळ तोंड नेऊन हलकेच हाक मारायची, "ऊठ ना रे!"

एके दिवशी आजोबांनी ते ऐकलं. ते तिच्या शेजारी येऊन बसले.

"जुई, तू म्हणतेस ते खरं असू शकतं. प्रत्येक बीमध्ये एक भ्रूण (इवलंसं, घडी घालून ठेवलेलं रोप) असतो. बी वाळलं, की तो झोपी जातो. या झोपेला सुप्तावस्था म्हणतात. पाणी मिळालं की तो जागा होतो. बोराचं बी असंच झोपून इथवर आलं. पण करवंदाचं बी झोपलंय की... आपण पाहूया."

त्यांनी मातीतून करवंदाचं एक बी काढलं आणि डब्यातून बोराचं एक बी घेतलं. दोन्ही मधोमध चिरून एका रंगहीन द्रवात बुडवली.

"हा द्रव श्वास घेणाऱ्या पेशींना (सजीवांच्या शरीरातल्या सूक्ष्म खोल्यांना) भेटला, की लाल होतो. जिथे जीव आहे तिथे लाली. जिथे नाही, तिथे काही नाही."

दोघं वाट पाहत बसली. बोराचं बी हळूहळू गुलाबी झालं, मग जास्वंदीसारखं लाल. करवंदाचं बी होतं तसंच फिकट राहिलं. आजोबांनी डब्यातल्या करवंदाच्या आणखी काही बिया चिरून पाहिल्या. सगळ्या फिकट.

जुईलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मी इतके दिवस मेलेल्या बियांना हाका मारत होते?"

आजोबांनी तिला जवळ घेतलं. "अगं, बोर आणि करवंद आपण एकाच रीतीने वाळवली, एकाच यानातून आणली. मग एक जगलं आणि दुसरं का मेलं, हेच तर कोडं आहे."

जुईली बराच वेळ पृथ्वीकडे पाहत राहिली. निळ्या समुद्रावरून पांढऱ्या ढगांची एक लांब रांग किनाऱ्याकडे सरकत होती.

"आजोबा, बोरं कधी पिकतात?"

"थंडीत."

"मग पाऊस कधी येतो?"

"त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. मधला सगळा उन्हाळा बोराच्या बीला कोरड्या मातीत काढावा लागतो."

"आणि करवंदं?"

"वैशाखात. ऐन पावसाच्या तोंडावर. फळ खाली पडतं न पडतं, तोच..." आजोबा बोलता बोलता थबकले.

"तोच पाऊस येतो!" जुईली उठून उभी राहिली. "मग करवंदाच्या बीला झोपायची गरजच काय? त्याला झोपायला येतच नसेल!"

आजोबा मोठ्याने हसले. "अगं, आम्ही सगळी बियाणी एकाच रीतीने वाळवली, कारण आमच्या यादीत ती सगळी 'बियाणी' होती! बघ, बोराचं बी वाळताना स्वतःच्या पेशींतल्या नाजूक भागांभोवती साखरेचं काचेसारखं आवरण तयार करतं. आपण काचेची भांडी गवतात गुंडाळून नेतो ना, तसं. म्हणून पाणी गेलं तरी आतलं काही मोडत नाही. काही बियाणी हे आवरण करतच नाहीत. त्यांच्यातलं पाणी गेलं की पेशी चुरगळतात. ती ओलीच पेरावी लागतात."

त्याच दिवशी आजोबांनी शालनआत्याला निरोप पाठवला. शालनआत्या म्हणजे आजोबांची मुलगी. ती डॉक्टर होती आणि पुढच्या यानाने वस्तीवर यायची होती. 'पिकलेली करवंदं आण. वाळवू नकोस. ओल्या फडक्यात गुंडाळ.' मग ते समितीकडे गेले आणि पालकाची पेरणी यान येईपर्यंत थांबवून आले.

यान उतरलं तेव्हा जुईली दारातच उभी होती. आत्याने तिला उचलून गोल फिरवलं.

"आत्या, डबा कुठाय?"

"करवंदांचा? तपासणीतून केव्हाच सुटला. बियाणं म्हणून थेट बागेत पाठवला त्यांनी."

बागेत आलेल्या प्रत्येक बीचं खुरप्या आधी काय करतो, हे जुईलीला पाठ होतं. लांबच लांब उड्या टाकत ती निघाली. कधी नव्हे ते तिला चंद्राचं ते तरंगणं नकोसं झालं. उडी घेतली, की खाली यायलाच वेळ लागत होता!

ती पोचली तेव्हा वाळवणपेटीचं दार बंद होतं. आतून गरम हवेचा घूं घूं आवाज येत होता.

"खुरप्या, बंद कर ते!"

"जुईताई, नियम आहे. आलेलं प्रत्येक बी आधी वाळवायचं."

"नियम कशासाठी केलाय?"

"बी जगावं म्हणून."

"हे बी वाळलं तर मरेल! त्याला झोपता येत नाही."

खुरप्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा लुकलुकला. तो विचार करत होता. जुईलीला तो विचार फारच लांबला असं वाटलं. मग आवाज थांबला आणि दार उघडलं. तबकात फळांतून काढलेल्या चपट्या, तपकिरी बिया पसरलेल्या होत्या. कडेच्या काही सुरकुतल्या होत्या.

मागून आजोबा धापा टाकत आले. "चूक माझी. खुरप्याला सांगायचं मीच विसरलो." त्यांनी बिया भराभर ओल्या फडक्यात घेतल्या. डब्याच्या तळाशी दोन करवंदं अजून अख्खी होती, काळीभोर, टपोरी.

"ही आपण खायची," आजोबा म्हणाले.

"खायची? मग पेरायचं काय?"

"गर आपला, बी झाडाचं. फळाचा व्यवहार असाच असतो. पाखरू गर खातं आणि त्याबदल्यात बी दूर नेऊन टाकतं. झाडाला पाय नाहीत ना."

जुईलीने करवंद तोंडात टाकलं. आधी डोळे मिटले, मग नाक आक्रसलं, मग ती हसायलाच लागली. ओठ चिकट झाले होते. तळहातावर तिने बिया काढल्या आणि पटकन ओल्या मातीत सरकवल्या. त्यांच्या शेजारी वाचवलेल्या बियाही पेरल्या.

त्यानंतर हाका मारायच्या नाहीत, असं तिने ठरवलं. ज्या झोपलेल्याच नाहीत, त्यांना उठवायचं कशाला? ती नुसतीच वाफ्याशेजारी बसायची. कधी कधी निळ्या उजेडात तिचाच डोळा लागायचा. मग स्वप्नात करड्या डोंगरांवर हिरवी, काटेरी झुडपं दिसायची. त्यांना चांदण्यांसारखी पांढरी फुलं लागलेली असायची.

एका दुपारी खुरप्याने तिला हलकेच हलवून जागं केलं. "जुईताई, बघा."

मातीला बारीक तडा गेला होता. त्यातून एक वाकलेला कोंब मान वर काढत होता. थोड्या अंतरावर दुसरा होता. पेटीत गेलेल्या बियांच्या ओळीतही एक उगवला होता. बाकीच्या मात्र उगवल्या नाहीत.

आजोबा गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ पाहत राहिले. आत्याने डोळे पुसले. पालकाला दुसरी जागा मिळाली.

"याला फळं कधी येतील?" जुईलीने विचारलं.

"काही वर्षं लागतील. तोवर तू माझ्याएवढी उंच झालेली असशील."

खुरप्या पुढे सरकला. "मी नवा नियम लिहिला आहे. बी वाळवण्याआधी विचारायचं, याचं फळ केव्हा पिकतं?"

"शाब्बास!" आजोबा म्हणाले. "अशी न झोपणारी आणखी पुष्कळ आहेत बरं. आंब्याची कोय आहे, जांभूळ आहे, फणसाची आठळी आहे."

"फणस म्हणजे केवढा असतो?"

आजोबांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. जुईलीने ते अंतर डोळ्यांनी मोजलं, मग काचेपलीकडच्या यानाकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली,

"मग पुढच्या यानात खिडकीजवळची एक जागा त्याच्यासाठी राखून ठेवायला सांगा. आणि पट्टा नीट बांधायला सांगा. तो वाटभर जागाच असणार."