निळ्या पिंपातलं गार पाणी

“आम्ही चंद्रीला ज्वारी घातलीच नाही!” छकुली ओरडली.

“हळू! आबा ऐकतील,” अविराज म्हणाला.

“ऐकू देत! कुणी ऐकतच नाही, हाच तर घोटाळा आहे!”

प्रियदर्शनीने पाठीवरची बॅग अजून उतरवलीही नव्हती. दिवाळीच्या सुट्टीसाठी ती आणि तिचा धाकटा भाऊ सुमित वालचंदनगरहून मामांच्या वस्तीवर आत्ताच पोचले होते. एसटीत दोघांनी बेत आखला होता. आधी किल्ला बांधायचा, मग सायकलवरून नरसिंहपूरच्या संगमावर जायचं. इथे पाहतात तर ओसरीवर सगळ्यांची तोंडं उतरलेली. चंद्री शेळी काल दुपारी पोट फुगून, तोंडाला फेस येऊन मेली होती.

आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्याबरोबर अविराज आणि छकुलीची शाळाही मरणार होती.

ही शाळा घरातच भरत असे. अंजलीमामी, म्हणजे या दोघांची आई, पूर्वी बारामतीच्या एका शाळेत शिकवायची. टाळेबंदीत शाळा बंद पडली तेव्हा अविराजला तिनं घरीच शिकवायला घेतलं. पुढे शाळा उघडली, पण त्यांची घरची शाळा काही बंद झाली नाही. छकुली तर तिच्यातच वाढली. पेरणीच्या दिवसांत गुणाकार व्हायचा, काढणीच्या दिवसांत वजनमापं. पाटाला पाणी आलं की भूगोल, आणि चुलीवर दूध उतू गेलं की विज्ञान. सध्या ज्वारीची विरळणी चालू होती. दाट उगवलेल्या ओळीतली जास्तीची रोपं उपटायची, म्हणजे उरलेल्यांना जागा मिळते. छकुलीच्या वेळापत्रकात हा वजाबाकीचा तास होता.

आबांना हे पटत नसे. त्यांच्या घराण्याला शाळेपर्यंत पोचायला पिढ्या लागल्या होत्या. भिंतीवर बुद्धांच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली आबांच्या मुलामुलींच्या पदव्या, काचेत बसवलेल्या. पाहुण्याला चहाच्या आधी त्या पदव्या दाखवल्या जात. अशा घरातली नातवंडं शाळेच्या वेळात बांधावर मुंगळे मोजताना दिसली की आबा तिकडे पाठ करून बसत. बोलत मात्र नसत.

काल ते बोलले होते.

“कवळी ज्वारी खाल्ली की शेळीला किराळ लागतं. इख असतं त्यात. आन उपटलेली रोपं हुती कुणाच्या हातात? पोरांच्या! आज शेळी गेली. उद्या ह्या दोघांचं आयुष्य जाईल. सुट्टी सरली की दोघं बारामतीला, वसतिगृहात. ठरलं!”

“मी तर कवाच सांगत हुतो, आबा,” मोहनमामा म्हणाले होते. मोहनमामा म्हणजे छकुलीचे काका. त्यांना शेतीतलं सगळं कळत असे. जे कळत नसे ते त्यांच्या मोबाइलला कळत असे.

अंजलीमामीनं माळ्यावरून ट्रंक खाली काढली होती. त्या ट्रंकेकडे बघून छकुलीला रात्रभर झोप आली नव्हती.

“वसतिगृहात रात्री आई असते का गं, ताई?” तिनं आता प्रियदर्शनीला विचारलं.

प्रियदर्शनीला खरं तर या घरच्या शाळेचं हसूच यायचं. ना घंटा, ना गणवेश, ना गॅदरिंग! पण छकुलीच्या प्रश्नावर तिला हसता येईना. तिनं बॅग खाली टाकली.

“रोपं घातली नाहीत म्हणतेस ना? मग दाखव. पुरावा!”

“चला!” छकुली पळत सुटली.

ज्वारीच्या बांधावर उपटलेली रोपं ओळीनं पसरलेली होती. उन्हानं सुकून मलूल पडली होती, पण एकाही रोपाला दातांची खूण नव्हती.

“आईनंच सांगितलंय, कोवळी ज्वारी शेळीला घालायची नाही,” अविराज म्हणाला. “म्हणून इथेच वाळत टाकली. आबांना म्हटलं, येऊन बघा. ते म्हणाले, बघायचं काय त्यात!”

“आमच्या मुख्याध्यापकांसारखेच आहेत की!” सुमित म्हणाला. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानंही तोंड गंभीर केलं.

“म्हणजे ज्वारी नाही,” प्रियदर्शनी विचार करत म्हणाली. “मग चंद्रीनं खाल्लं काय? बांधली कुठं होती?”

चंद्रीचं दावं अजून मोटारीच्या खोलीजवळच्या बाभळीलाच होतं. सुमित शेळी झाला. दाव्याचं टोक धरून, बें बें करत तो जाईल तितक्या लांब गेला. आसपास बोटभरही गवत नव्हतं. एका बाजूला खोलीची भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला, दावं अगदी ताणलं की तोंड पोचेल असं, अर्धं कापलेलं निळं पिंप. गुरं त्यातच पाणी पीत. आत्ता ते रिकामं होतं.

“इथं खाण्यासारखं काहीच नाही,” सुमित म्हणाला. “शेळी उपाशी!”

“पण पिण्यासारखं आहे,” प्रियदर्शनी म्हणाली.

छकुली पिंपाकडे टक लावून बघत होती. “काल यातलं पाणी गार होतं,” ती हळूच म्हणाली.

“पाणी गारच असतं, छकुले!” सुमित म्हणाला.

“नाही रे! भर उन्हात! मी चिखलाचे हात धुतले. फ्रीजमधल्यासारखं गार! हाताला मुंग्या आल्या. मी मोहनकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, जा, खेळ जा.”

उन्हात ठेवलेलं पाणी तापतं, हे शाळेत न जाणाऱ्यालाही ठाऊक असतं.

“ग्लुकोजची पूड जिभेवर टाकली की गार लागतं,” अविराज एकदम म्हणाला. “आई म्हणते, काही वस्तू विरघळताना पाण्यातली ऊब ओढून घेतात. उन्हाळ्यात आम्ही करून बघितलं होतं.”

“शेळीच्या पाण्यात ग्लुकोज कोण टाकेल?” सुमितनं विचारलं.

प्रियदर्शनीनं मोटारीच्या खोलीचं दार ढकललं. आत पाइपांची भेंडोळी, पाने-पकडी, आणि कोपऱ्यात तोंड उघडं असलेली युरियाची गोणी. तिनं नळाचं पाणी पेल्यात घेतलं, त्यात मूठभर पांढरे दाणे टाकले आणि काडीनं ढवळलं.

“हात लाव.”

छकुलीनं पेल्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “तस्संच! अगदी तस्संच गार!”

अविराजला सगळं आठवलं. मोहनमामा ठिबकमधून उसाला खत सोडत. युरिया पाण्यात कालवायचा आणि मोटार चालू झाली की नळीनं ओढून घ्यायचा. त्यासाठी वेगळं पिंप होतं, पण ते घरामागे होतं, आणि घरामागून पिंप आणायचं म्हणजे उठावं लागतं. मामांनी जवळचं घेतलं होतं. मध्येच लाइट गेली असणार, मोटार बंद पडली असणार, आणि मामा पाराकडे गेले असणार. पिंपात उरलेलं गार पाणी उन्हात तापलेल्या शेळीला नक्कीच आवडलं असेल.

“आबांना सांगू या!” अविराज निघालाच.

“आबांना आजवर काही सांगून पटलंय का? जेवणं झाली की करूनच दाखवू. आधी हात धुवा,” प्रियदर्शनी म्हणाली. मुलं हौदावर हात धुवून घराकडे निघाली.

जेवणं होईपर्यंत आबांशी बोलायला सवड मिळाली नाही. आणि मग लांबून येणारी मोटारीची घरघर अचानक थांबली. लाइट गेली होती. पाठोपाठ मामांच्या मोटरसायकलचा आवाज पाराच्या दिशेनं गेला.

प्रियदर्शनी ताडकन उठली. “आज ठिबक चालू होतं?”

“हरणी! दुपारी ती पिंपाजवळच असते!” छकुली किंचाळली.

चौघं धावत सुटली. गाभण हरणी गाय पिंपात तोंड घालून उभी होती. अविराजनं वेसण ओढली, सुमितनं शिंगाला धरलं, पण पाणी बरंच खाली गेलं होतं. प्रियदर्शनीनं पिंपात हात घातला. थंडगार!

थोड्याच वेळात हरणीचे पाय थरथरू लागले. तोंडातून फेस गळू लागला. आरडाओरडा ऐकून आबा आणि मामी धावत आले, मामाही आले.

“किराळच हाय!” मामांनी एका नजरेत निदान केलं. “पोरांनी परत काढली रोपं! गूळपाणी आना, लवकर!”

“मामा, किराळ नाही! ती युरियाचं पाणी प्यायलीय, या पिंपातलं!” प्रियदर्शनी ओरडली.

“गप बस, पोरी! साधं पाणी हाय त्यात. तुला काय कळतंय?”

तिनं छकुलीकडे पाहिलं. छकुलीचे डोळे भरले होते. आता वाद घालत बसलं तर गाय मरेल, हे प्रियदर्शनीला दिसत होतं. तिनं खोलीतला पेला पिंपात बुडवला आणि मामांसमोर धरला.

“साधं पाणी आहे ना? मग एक घोट घ्या, मामा.”

मामांनी पेला हातात घेतला. पेला गार होता. त्यांनी तो तोंडाजवळ नेला, आणि तिथेच थांबले.

“पी की, मोहन,” आबा म्हणाले.

मामांचा हात खाली आला. हरणी कण्हत होती.

“शेळीच्या टायमालाच शंका आलती मला,” मामा जमिनीकडे बघत म्हणाले. “पन म्हनलं, गेली ती गेली...”

“ते नंतर!” आबा गरजले. “पोरी, आता काय करायचं ते बोल!”

मामीनं केव्हाच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता. तिनं युरिया म्हणताच डॉक्टरांनी विचारलं, “नक्की? मग गूळपाणी नको. घरात सिरका, व्हिनेगर आहे का? निघालोच मी, पण तोवर थांबू नका.”

सिरका होता! गेल्या गळिताच्या दिवसांत मामीनं मुलांकडून उसाचा रस बरणीत आंबवून घेतला होता. रस आधी दारूसारखा कसा होतो आणि मग आंबट कसा होतो, हा धडा होता तो. त्या वासावरून मोहनमामांनी तेव्हा बरीच चेष्टा केली होती. आता मामाच बरणी घेऊन धावत आले. डॉक्टर फोनवर सांगत गेले, तसं मामीनं गार पाण्यात सिरका मिसळला, आबांनी हरणीचं डोकं धरलं आणि घाई न करता, घोट घोट करत तिला पाजलं. छकुली गायीच्या कानाशी बसून राहिली.

डॉक्टर आले, सुई दिली, पोटावर हात ठेवून बराच वेळ थांबले. ऊन उतरता उतरता हरणीची थरथर थांबली. मग तिनं दीर्घ श्वास सोडला आणि रवंथ सुरू केला.

“काय प्यायली ते कळलं म्हणून वाचली,” डॉक्टर म्हणाले. “एरवी मी किराळावरच औषध दिलं असतं. कुणाच्या ध्यानात आलं हे?”

“हिच्या,” प्रियदर्शनीनं छकुलीला पुढे केलं. “मी आठ वर्षं शाळेत जातेय, डॉक्टर. पिंपात हात घालून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं.”

मोहनमामांनी पिंप घासून धुतलं, उलटं केलं, आणि घरामागचं दुसरं पिंप स्वतः डोक्यावर घेऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं. मग ते छकुलीसमोर उकिडवे बसले. “चुकलो, पोरी. तू सांगितलं हुतंस, मी ऐकलं न्हाय.”

आबा ओसरीच्या कडेला बसून हे सगळं बघत होते. ते म्हणाले, “अंजली, ती ट्रंक माळ्यावर ठिव.”

मामीनं पदर डोळ्यांना लावला.

“पन माझी एक अट हाय. वर्षाची परीक्षा दोघांनी शाळेत जाऊन द्यायची. कागद पाहिजे. कागदाशिवाय आपल्याला कुणी इचारत न्हाय, हे मी बघितलंय.”

“देतील, आबा,” मामी म्हणाली.

“आन ते पाणी गार कसं झालं? मला अजून न्हाय कळलं.”

छकुलीनं लगेच पेला आणला, पाणी आणलं, ग्लुकोजची पूड आणली, ओसरीवर शाळा मांडली. प्रियदर्शनी, सुमित आणि अविराज तिच्यासमोर मांडी घालून बसले. आबा मात्र दाराशीच टेकले.

“आबा, तिकडं दारात नाही!” छकुली कमरेवर हात ठेवून म्हणाली. “तिथून काही दिसत नाही. पुढं या!”

आबांनी उंबऱ्यावर हात टेकला.

“माझ्या बापाला शाळेत पुढं ये असं कवा कुणी म्हनलं न्हाय,” ते म्हणाले. “दाराबाहेर बसूनच शिकला त्यो.”

आणि ते उठले, नातवंडांमधून वाट काढत पुढे आले, आणि छकुलीच्या अगदी समोर मांडी घालून बसले.