गळालेली रेती

उन्नती शितोळे हट्टी, हे शिंदे की छावनीच्या अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक. पाटणकर बाजारातून आणलेली डाळ निवडून झाली, की तिची आई फेकायचे खडे पुन्हा एकदा बघते. पोरगीही तशीच. संशोधन केंद्रात फोटो कॉम्प्रेस करायचं काम तिचं, म्हणजे आतला जीव न घालवता ते आवळून कमी जागेत बसवायचे. मूळ फोटोतून आवळलेला फोटो वजा करायचा आणि काय गळालं ते बघायचं, ही तिची खोड. गळते ती नुसती करड्या ठिपक्यांची रेती. कोऱ्या भिंतीच्या फोटोतूनही मूठभर गळतेच.

या खेपेचे फोटो होते लीलाताईंच्या मेंदूचे. चाळीस वर्षं शाळेत शिकवून बाईंनी देहदान केलेलं. मेंदूच्या चार हजार पातळ चकत्या, प्रत्येकीचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो. चकत्या आता उरल्या नव्हत्या, फोटोच काय ते होते. पण डिस्क गच्च भरलेली. संध्याकाळी पाचच्या आत मूळ फोटो पुसून टाक, असा केंद्रप्रमुख हेमेंद्र सरांचा हुकूम होता.

दुपारी तिनं वजाबाकी लावली. नऊशेव्या चकतीपर्यंत सगळी रेतीच. मग त्या रेतीत एक पाठमोरी बाई दिसली. पुढच्या चकतीत तिचा कान. त्याच्या पुढच्या चकतीत गाल. बाई हळूहळू वळत होती. उन्नती तडक सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, मी हे पुसणार नाही."

"अरे यार, नॉईज है वो, कचरा! आवळलेल्या फोटोत कामाचं सगळं वाचलंय ना?"

"कामाचं काय, ते ठरवणारे तुम्ही कोण? लीलाताईंचं एवढंच उरलंय जगात!"

"नको पुसूस. मी पुसतो." सरांनी आपल्या खुर्चीतूनच एक बटण दाबलं. एक फोटो गेला.

उन्नतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं धावत जाऊन डिस्कची वायर उपटली आणि डिस्क छातीशी धरली. "आता हात लावून दाखवा!"

सर हसले. "पागल आहेस. असे चेहरे कुठल्याही फोटोत दिसतात. काढ माझा फोटो. कर वजाबाकी."

"काढतेच!"

तिनं मोबाईलवर फोटो काढला. आवळला. वजा केला.

भिंतीची रेती गळली होती.

खुर्चीचीही गळली होती.

सर जिथं हसत बसले होते, तिथं एक कणही नव्हता.