टोपलीतली पत्रं

निमिष पहिल्यांदा दिसला तेव्हा विनिता अगदी रडकुंडीला आली होती. वसईतल्या टूर्सच्या ऑफिसात लागून जेमतेम आठवडा, आणि केरळला निघालेल्या वीस माणसांच्या यादीची ईमेल तिच्या हातून पुसली गेलेली! दिनानाथ सर जेवून यायच्या आत ती सापडली नाही, तर नोकरी गेलीच म्हणायची.

"काय पुसलंत?" प्रिंटर दुरुस्तीला आलेल्या मुलानं दारातूनच विचारलं.

"सगळंच..."

तो वाकला, पडद्यावरच्या टोपलीच्या चित्रावर क्लिक केलं — आणि यादी जशीच्या तशी समोर!

"पुसलेलं लगेच जात नाही हो. आधी या टोपलीत पडतं. वाट बघत."

"कुणाची?"

"तुमच्यासारख्या घाबरटांची."

बाई गं, काय तो हसला! विनिता निर्मळच्या वाडीतली, चारचौघांत सहज हार न मानणारी. पण त्या दिवशी तीही हसून मोकळी झाली.

ही दोन हजार एक सालची गोष्ट. मोबाइल फक्त सरांच्या खिशात, आणि ऑफिसभर मिळून ईमेलचा पत्ता एकच. निमिष विरारच्या सायबर कॅफेतून त्याच पत्त्यावर लिहू लागला. सर मागे उभे असले की विनिता त्याचं पत्र न वाचताच पुसायची. ते जेवायला गेले की टोपलीतून उघडून वाचायची. आणि तिथेच राहू द्यायची. कचऱ्यात कोण डोकावतंय? सहा महिन्यांत त्रेपन्न पत्रं जमली. आपल्या हुशारीवर पोरगी भलतीच खूश होती.

राजोडीच्या किनाऱ्यावर त्यानं एकदा विचारलं, "माझी पत्रं ठेवतेस कुठे गं?"

"ठेवते? वाचते नि पुसून टाकते. कायमची."

"एकही नाही ठेवलंस?"

"इतकी काय सोन्याची लागून गेलीत!"

त्याचा चेहरा पडला. तिला ते आवडलं, खोटं कशाला बोला... खरं काय ते पुढच्या भेटीत सांगू, असं तिनं ठरवलं. पण मधेच त्याला मस्कतची नोकरी लागली.

निघायच्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो मशीन तपासायच्या निमित्तानं आला. सर समोरच होते. दहा मिनिटं तिच्या कॉम्प्युटरवर काहीतरी करत बसला, "जपून राहा" म्हणाला आणि गेला.

दुपारी त्याचं पत्र आलं. सर मागेच! तिनं सवयीनं पुसलं. पण शनिवारचा अर्धा दिवस. एक वाजता सरांनी स्वतःच सगळं बंद करून कुलूप लावलं. निरोपाचं पत्र असेल, सोमवारी आल्याआल्या वाचू — तिनं मनाची समजूत घातली.

सोमवारी टोपली रिकामी होती. एकूण एक पत्र गेलं होतं.

तिनं लगेच त्याला लिहिलं — "तुझं शेवटचं पत्र वाचायच्या आत गेलं. काय होतं त्यात? मी एकही पुसलं नव्हतं रे. सगळी त्या टोपलीत जपली होती."

बुधवारी उत्तर आलं.

"विनू, सरांसमोर बोलता येईना म्हणून लिहिलं होतं. आईनं एक मुलगी पाहिली होती, जायच्या आधी शब्द मागत होती. तू हो म्हणालीस तर आईला तुझं नाव सांगणार होतो. सहापर्यंत कॅफेत बसून होतो... मग आईला हो म्हटलं. काल तिकडे घरी सुपारी फुटली. आणि ती टोपली मीच तशी लावून आलो होतो — प्रोग्राम बंद केला की आपोआप रिकामी. तू पुसतेसच म्हणालीस. चुकून एखादं राहिलं नि सरांनी पाहिलं तर तुलाच बोल लागेल, म्हणून. पुसण्याआधी त्या यंत्रानं तरी तुला विचारायला हवं होतं... आणि मी तरी."

विनितानं ते तीनदा वाचलं. रडू आवरेना, तेव्हा पदराआड... छे, ओढणीत तोंड खुपसून ती पोटभर रडली. मग तिनं लिहायला घेतलं.

"हो.

हे शनिवारचं उत्तर आहे, निमिष. आता त्याच्यावर काही मागत नाही. पण मी गप्प होते म्हणून तू नकार समजलास, ते आयुष्यभर तसंच राहायला नको.

वाचून झालं की हे मात्र खरंच पुसून टाक. घरात येणाऱ्या मुलीला सापडायला नको."

पत्र गेलं. सरांनी आतून केरळच्या तिकिटांचं विचारलं. "आणते सर," ती म्हणाली, आणि डोळे पुसून उठली.